टपाल तिकिटांचे डिजिटल प्रतिमांकन : साधननिवडीचे निकष

गोषवारा :
टपाल तिकीट हे इतिहास, अर्थशास्त्र, मुद्रणशास्त्र आणि कला या सर्वच विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरणारे प्राथमिक साधन आहे. महाविद्यालयांतून अशा साधनांच्या डिजिटल प्रतिमा तयार करण्याचे काम अलीकडे वाढले आहे. तथापि, त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे याचा निर्णय बहुधा जाहिरातीतील आकड्यांवरून किंवा कार्यालयात जे उपलब्ध आहे त्यावरून होतो. प्रस्तुत लेखात सपाट स्कॅनर, कॅमेरा, प्रकाशयोजना व पूरक साधने यांचा विचार केला असून, यंत्राची निवड तिकिटाला विचारावयाच्या प्रश्नावरून व्हावी, अशी भूमिका मांडली आहे.

बीजसंज्ञा : टपाल तिकीट, डिजिटल प्रतिमांकन, विभेदनक्षमता, सपाट स्कॅनर, मॅक्रो भिंग, जलचिन्ह.

१. प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकाचा तिकीटसंग्रह प्रस्तुत लेखकाच्या विभागाकडे अभ्यासासाठी अल्पकाळ आला होता. त्यात पंचम जॉर्ज राजाच्या काळातील तिकिटे बऱ्याच संख्येने होती. संग्रह परत करावयाचा असल्याने आम्ही घाईने कार्यालयातील बहुउद्देशीय यंत्रावर सर्व पाने ३०० डीपीआय या प्रमाणात स्कॅन केली. पडद्यावर प्रतिमा सुरेख दिसत होत्या. पुढे एका विद्यार्थिनीने नाशिकच्या मुद्रणालयावर प्रकल्प करण्याचे ठरविले. या तिकिटांपैकी नाशिकला छापलेली कोणती आणि लंडनमध्ये छापलेली कोणती, असा साधा प्रश्न तिने विचारला. आमच्या प्रतिमांपैकी एकही प्रतिमा त्याचे उत्तर देऊ शकली नाही. तोपर्यंत मूळ संग्रह विकला जाऊन विखुरला होता.

या प्रश्नाचे उत्तर तिकिटाच्या दर्शनी बाजूवर नव्हतेच. भारताची तिकिटे दीर्घकाळ लंडन येथील डी ला रू या कंपनीकडून छापून येत असत. नाशिक येथील मुद्रणालय १९२५ साली सुरू झाले आणि १९२६ पासून तेथे टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. आराखडा तोच राहिला. मात्र लंडनच्या तिकिटांवरील एकेरी ताऱ्याच्या जलचिन्हाऐवजी नाशिकच्या तिकिटांच्या कागदात अनेक ताऱ्यांचे जलचिन्ह आले. म्हणजेच महाराष्ट्रातील मुद्रणव्यवसायाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या टप्प्याचा पुरावा त्या तिकिटांच्या कागदात होता आणि आम्ही केवळ राजाच्या मुद्रेची छबी घेऊन थांबलो होतो.

तेव्हा ‘चांगली प्रतिमा’ म्हणजे काय, हा प्रश्न यंत्राच्या खरेदीपूर्वीच विचारणे आवश्यक ठरते.

२. प्रतिमेकडून असलेल्या अपेक्षा :

तिकिटाच्या प्रतिमेचा उपयोग सामान्यतः पाच कारणांसाठी होतो. (अ) सूची व ओळख. (आ) छपाईची पद्धत, साचा व छपाईतील दोष यांचा अभ्यास. (इ) रंगछटांची तुलना. (ई) दंतुर कडांचे मोजमाप. (उ) कागद, जलचिन्ह, डिंक व दुरुस्ती यांची तपासणी.

या पाचही अपेक्षा एकच यंत्र सारख्याच समर्थपणे पूर्ण करीत नाही. उदाहरणार्थ, १८५४ साली कलकत्ता येथे शिळामुद्रणाने छापलेल्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाचे तीन निरनिराळे साचे अभ्यासक मानतात. ते ओळखण्यासाठी रेषांचा सूक्ष्म तपशील हवा. याउलट १८५२ साली सिंध प्रांतात निघालेल्या ‘सिंदे डाक’ या आशियातील पहिल्या चिकट तिकिटांपैकी पांढरे तिकीट घ्या. पांढऱ्या कागदावर रंगाविना केवळ उठाव दिलेले हे तिकीट समोरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात जवळजवळ कोरे दिसते. तेथे विभेदनक्षमता कितीही वाढविली तरी उपयोग नाही. प्रकाशाची दिशा बदलावी लागते.

३. विभेदनक्षमतेचा हिशेब :

यंत्राच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जाणारा आकडा विभेदनक्षमतेचा, म्हणजेच प्रति इंच किती बिंदू टिपले जातात याचा असतो. या आकड्याचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो.

२० × २४ मि.मी. आकाराचे तिकीट ३०० डीपीआयवर स्कॅन केल्यास प्रतिमा सुमारे २३६ × २८३ बिंदूंची होते. तेच ६०० डीपीआयवर ४७२ × ५६७, १२०० वर ९४५ × ११३४ आणि २४०० वर १८९० × २२६८ बिंदूंची होते. ३०० डीपीआयवर एक बिंदू तिकिटाच्या सुमारे ०.०८५ मि.मी. भागाचे प्रतिनिधित्व करतो. छपाईच्या साच्यावरील ०.१ मि.मी. रुंदीचा ओरखडा अशा प्रतिमेत जेमतेम एका बिंदूत सामावतो. तो दोष आहे की धूळ, हे ठरविता येत नाही. १२०० डीपीआयवर तोच ओरखडा जवळजवळ पाच बिंदू व्यापतो व त्याचा आकार दिसू लागतो.

छपाईची पद्धत ओळखण्यासाठीही हाच हिशेब लागू पडतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली महात्मा गांधींची चार तिकिटे स्वित्झर्लंडमधील कुर्व्हॉझिए या संस्थेने फोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापली. या पद्धतीत चित्र अतिशय बारीक जाळीतून उमटते. जाळीत प्रति इंच २५० रेषा असतील, तर ती टिपण्यासाठी तत्त्वतः किमान ५०० डीपीआय लागतात. प्रत्यक्षात जाळी स्पष्ट दिसावी व खोट्या लहरी उमटू नयेत म्हणून १२०० किंवा त्याहून अधिक घेणे इष्ट. स्कॅनरच्या प्रणालीत छपाईची जाळी पुसून टाकण्याची एक सोय असते. मासिकातील छायाचित्रासाठी ती उपयुक्त असली, तरी तिकिटासाठी ती बंद ठेवावी. कारण ती नेमका पुरावाच पुसते.

यावरून असे म्हणता येईल की सूचीसाठी ६००, अभ्यासासाठी १२०० आणि साचा व दोष यांच्या तपासणीसाठी २४०० डीपीआय हे व्यवहार्य प्रमाण आहे. तथापि, हे आकडे प्रकाशीय विभेदनक्षमतेचे असावेत. गणिताने मधले बिंदू भरून वाढविलेला आकडा तपशिलात काहीही भर घालत नाही. प्रकाशीय म्हणून जाहीर केलेला आकडाही प्रत्यक्ष भिंगाच्या मर्यादेमुळे पूर्णपणे साध्य होतोच असे नाही. खरेदीपूर्वी शक्य असल्यास एखादे बारीक रेषांचे तिकीट १२०० व २४०० या दोन्ही प्रमाणांत स्कॅन करून पाहावे. दुसऱ्या प्रतिमेत नवा तपशील दिसत नसेल, तर केवळ फाइलचा आकार वाढला आहे, असे समजावे.

४. सपाट स्कॅनर :

सपाट स्कॅनर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. सीआयएस प्रकारात संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी लगत सरकते. ही यंत्रे पातळ, हलकी व स्वस्त असतात; कॅननच्या लाइड मालिकेतील यंत्रे या प्रकारची आहेत. सीसीडी प्रकारात आरसे व भिंग यांच्या साहाय्याने प्रतिमा संवेदकापर्यंत नेली जाते. एप्सनच्या परफेक्शन मालिकेतील व्ही ६०० व व्ही ८५० ही या प्रकारची उदाहरणे होत.

तिकिटांच्या दृष्टीने या दोहोंतील महत्त्वाचा फरक स्पष्टतेच्या खोलीचा आहे. सीआयएस यंत्रात वस्तू काचेपासून किंचित वर असली तरी अंधुक दिसू लागते. तिकीट पारदर्शक खोळीत असेल, कागदी बिजागरीमुळे किंचित उचलले गेले असेल, अथवा जुन्या पाकिटावर चिकटविलेले असेल, तर त्याच्या काही भागाची स्पष्टता जाते. सीसीडी यंत्र काही मिलिमीटर अंतरावरील वस्तूही पुरेशी स्पष्ट टिपते. म्हणून ज्या विभागास एकच यंत्र घेणे शक्य आहे, त्याने सीसीडी प्रकारचा स्कॅनर घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. सुटी, सपाट तिकिटे असतील, तर चांगले सीआयएस यंत्रही सूचीच्या कामास पुरते.

स्कॅनरचा दुसरा गुण म्हणजे स्थिर प्रमाण. तिकिटाच्या कडांचे छिद्रण दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे येतात यावर मोजतात. १४ व १४½ या दोन छिद्रणांत दोन छिद्रांमधील अंतराचा फरक अवघा ०.०५ मि.मी. असतो. १२०० डीपीआयच्या प्रतिमेत दोन सेंटिमीटर म्हणजे ९४५ बिंदू, हे आधीच ठाऊक असल्याने पडद्यावर मोजणी करता येते. तरीही प्रत्येक प्रतिमेत मिलिमीटरची पट्टी ठेवणे चांगले, कारण पुढे कोणी प्रतिमेचा आकार बदलल्यास प्रमाण सिद्ध करण्याचे तेवढेच साधन उरते.

स्कॅनरच्या झाकणाची आतील बाजू पांढरी असते. त्यामुळे तिकिटाचे पांढरे दाते पार्श्वभूमीत मिसळतात आणि एखादा तुटका दाता लक्षात येत नाही. तिकिटामागे काळा, चकाकी नसलेला कागद ठेवल्यास कडा स्पष्ट होतात. मात्र कागद फार पातळ असेल, तर मागचा काळा रंग झिरपून तिकिटाची छटा गडद दिसते. अशा वेळी मध्यम करडा कागद वापरावा.

५. कॅमेरा व मॅक्रो भिंग :

काचेवर पालथे ठेवता येणार नाही असे तिकीट, लाखेची मुद्रा असलेले पाकीट, उठावाची छपाई किंवा आरपार प्रकाशातील जलचिन्ह यांसाठी कॅमेरा श्रेष्ठ ठरतो. येथे कॅमेऱ्यापेक्षा भिंगाची निवड अधिक महत्त्वाची आहे. साध्या भिंगाला नळी जोडून जवळचे छायाचित्र घेता येते. तथापि सपाट वस्तू कडेपर्यंत सारखी स्पष्ट टिपण्यासाठी खास मॅक्रो भिंगच हवे. ९० ते १०५ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग घेतल्यास तिकीट व भिंग यांत दिवे लावण्यास पुरेशी जागा राहते.

२४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० बिंदूंची प्रतिमा देतो. चौकटीच्या लहान बाजूत ३६ मि.मी. लांबी बसविल्यास प्रति मिलिमीटर १११ बिंदू, म्हणजे प्रति इंच सुमारे २८०० बिंदू मिळतात. या कामास हे पुरेसे आहे. त्यामुळे केवळ मेगापिक्सेल वाढविण्यासाठी महागडा कॅमेरा घेण्याऐवजी तोच निधी भिंग, कॉपी स्टँड व दिवे यांवर खर्च करणे श्रेयस्कर.

कॅमेरा हातात धरून हे काम होत नाही. उभ्या दांड्यावर कॅमेरा खाली तोंड करून बसविण्याची सोय असलेला कॉपी स्टँड आवश्यक आहे. कॅमेरा तिकिटाशी अगदी समांतर आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. तिकिटाच्या जागी लहान सपाट आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले, तर कॅमेरा समांतर आहे असे समजावे. केंद्रीकरण हाताने करावे, आयएसओ १०० ठेवावा आणि कंप टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर वापरावा. छिद्र फार लहान करू नये. एकास एक प्रमाणात एफ ८ हे छिद्र प्रत्यक्षात एफ १६ प्रमाणे वागते आणि त्यापुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे रेषा मवाळ होऊ लागतात.

भ्रमणध्वनीचा कॅमेराही आज बराच सुधारला आहे. सूचीसाठी अथवा वर्गात दाखविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु बहुतेक भ्रमणध्वनी प्रतिमा साठविण्यापूर्वीच तिच्यावर आपोआप संस्कार करतात : कडा धारदार करतात, कागदाचा पोत गुळगुळीत करतात, रंग उठावदार करतात. संशोधनाच्या दृष्टीने हा पुराव्यातील हस्तक्षेप होय. भ्रमणध्वनी वापरावाच लागला, तर संस्काररहित म्हणजे रॉ स्वरूपात प्रतिमा घ्यावी.

६. प्रकाशयोजना :

प्रकाशाच्या दिशेवरून तिकिटाची निरनिराळी माहिती मिळते. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवलेले दोन सारखे दिवे रंग व आराखडा यांसाठी योग्य. प्रकाश सर्वत्र सारखा आहे का, हे करड्या कागदाचे छायाचित्र घेऊन तपासता येते. एकाच बाजूने, जवळजवळ आडवा टाकलेला प्रकाश उठाव, घडी, कागदाचा पातळ झालेला भाग व दुरुस्ती दाखवितो. सिंदे डाकसारख्या तिकिटास हाच प्रकाश हवा. स्कॅनरवर हे काम मर्यादित प्रमाणात करावयाचे झाल्यास तिकीट ९० अंशांत फिरवून दुसरी प्रतिमा घ्यावी. सावल्यांची दिशा बदलल्याने उठाव लक्षात येतो.

जलचिन्हासाठी मागून येणारा प्रकाश लागतो. त्यासाठी सपाट एलईडी पाटी व कॅमेरा ही जोडी सोयीची आहे. जलचिन्ह दाखविणारी द्रवरसायनेही मिळतात. मात्र काही फोटोग्रॅव्हूर शाई त्यांत विरघळण्याचा संभव असल्याने प्रकाशाचा उपाय आधी करून पाहावा. अतिनील प्रकाशात दुरुस्ती, पुसलेला शिक्का व आधुनिक तिकिटांवरील चमकणारे पट्टे दिसतात. तो वापरताना डोळ्यांना संरक्षक चष्मा लावणे अनिवार्य आहे.

दिवे घेताना त्यांचा रंगदर्शन निर्देशांक ९० हून अधिक असावा. स्वस्त एलईडी दिव्यात काही रंगलहरी क्षीण असतात आणि त्यामुळे भिन्न छटा सारख्या भासू शकतात.

७. रंग व फाइल :

तिकिटांच्या अभ्यासात छटेवरून छपाईचा काळ ठरविण्यात येतो. म्हणून रंग ‘छान’ दिसण्यापेक्षा विश्वसनीय असणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक सत्राच्या प्रारंभी २४ रंगचौकोनांच्या प्रमाणित रंगपटाची प्रतिमा घ्यावी व तिच्या आधारे यंत्राची रंगरूपरेषा तयार करावी. स्वयंचलित रंगसुधारणा, धूळ पुसणे व धार वाढविणे या सोयी बंद ठेवाव्यात. एवढे करूनही पडद्यावरील छटेवरून अंतिम निर्णय देणे योग्य नाही. एकाच सत्रात, एकाच यंत्रावर घेतलेल्या दोन तिकिटांची परस्पर तुलना मात्र बऱ्यापैकी विश्वासार्ह असते.

मूळ प्रत टिफ स्वरूपात साठवावी. १२०० डीपीआयवर वर उल्लेखिलेल्या आकाराच्या तिकिटाची फाइल २४ बिट रंगात सुमारे ३.२ मेगाबाइट व ४८ बिट रंगात त्याच्या दुप्पट होते. आजच्या साठवणक्षमतेच्या मानाने हा आकार नगण्य आहे. जेपेग ही केवळ वाटपाची प्रत असावी, कारण दर वेळी पुन्हा साठविताना तिच्यातील तपशील घटत जातो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम येथेही पाळावा. फाइलच्या नोंदीत यंत्र, विभेदनक्षमता, प्रकाशाची दिशा व दिनांक लिहावा.

८. हाताळणी व कायदा :

प्रत्येक हाताळणीत तिकिटाची काही ना काही झीज होते. बोटांऐवजी तिकिटांसाठीचा सपाट टोकाचा चिमटा वापरावा. आपल्याकडील पावसाळी हवेत डिंक ओलसर होऊन तिकीट पानाला चिकटते. कोकणात व मुंबईत हा धोका अधिक. म्हणून न वापरलेल्या तिकिटांचे काम शक्यतो हिवाळ्यात करावे आणि पुढची व मागची बाजू एकाच बैठकीत टिपावी. काचेवर ओल राहिलेली नाही याची खात्री करूनच तिकीट ठेवावे व झाकण दाबू नये.

प्रतिमा छापताना कायद्याचेही भान हवे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १८६ बनावट तिकिटांस प्रतिबंध करते आणि शासकीय टपाल तिकिटाची हुबेहूब प्रतिकृतीही त्या व्याख्येत येते. म्हणून अहवालात अथवा प्रदर्शनात तिकीट मूळ आकारात न छापता स्पष्टपणे मोठे छापावे व त्यावर आडवी रेघ किंवा ‘प्रतिमा’ असा शब्द असावा, हे सुरक्षित.

९. निवडीचा क्रम :

मर्यादित निधी असलेल्या विभागाने पुढील क्रम ठेवावा, असे सुचविता येईल. प्रथम १२०० ते २४०० डीपीआय खरोखर देणारा सीसीडी स्कॅनर, काळा व करडा कागद, मिलिमीटर पट्टी व चिमटा. त्यानंतर एलईडी पाटी आणि रंगपट. तिसऱ्या टप्प्यात कॉपी स्टँड, मॅक्रो भिंग व दोन दिवे. कॅमेरा बहुधा एखाद्या विभागात आधीच असतो. शेवटी, गरज भासल्यास, संगणकास जोडावयाचा सूक्ष्मदर्शक व अतिनील दिवा. तिकिटाच्या अस्सलपणाविषयी वाद असेल, तर मात्र प्रतिमेवर विसंबू नये. जाँ द स्पेरातीसारख्या नकलाकाराच्या तिकिटांनी भल्याभल्या जाणकारांना चकविले होते. त्याचा साठा १९५४ साली ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने विकत घेतला, तो अशी तिकिटे बाजारात पसरू नयेत म्हणून. अशा प्रकरणी मूळ तिकीटच तज्ज्ञ समितीकडे पाठवावे लागते.

१०. निष्कर्ष :

(१) तिकिटाच्या प्रतिमेचा दर्जा यंत्राच्या किमतीवर नव्हे, तर ती प्रतिमा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते यावर ठरतो.
(२) बहुतांश महाविद्यालयांच्या गरजेस सीसीडी स्कॅनर व १२०० डीपीआय पुरेसे आहेत. कॅमेऱ्याची खरी गरज उठाव व जलचिन्ह यांसाठी आहे.
(३) प्रकाशाची दिशा, पार्श्वभूमी, पट्टी व रंगपट या अल्पखर्ची गोष्टींनी प्रतिमेचे पुराव्यात रूपांतर होते.
(४) प्रत्येक तिकिटाच्या किमान दोन प्रतिमा, दर्शनी व मागील बाजूची, घेतल्या जाव्यात. जलचिन्हाचा कागद असल्यास आरपार प्रकाशातील तिसरी घ्यावी.

खाजगी संग्रह आपल्याकडे येतात ते थोड्या दिवसांसाठी. ते परत गेले की पुढच्या अभ्यासकाच्या हाती आपण घेतलेली प्रतिमाच उरते. आमच्या विद्यार्थिनीने अखेर दुसऱ्या एका संग्राहकाकडील तिकिटांवर आपला प्रकल्प पूर्ण केला. त्या वेळी मात्र आम्ही प्रत्येक तिकीट उलटे करून, मागून प्रकाश टाकून पाहिले, आणि अनेक ताऱ्यांच्या त्या जलचिन्हाची प्रतिमा प्रथमच विभागाच्या संग्रही आली.